मानेपायी काय अडतं?



गडबला, माझ्या आजोळी, होणाऱ्या या व्याख्यानाचा विषय विचारायला फोन आला तेव्हा मी पेशंट तपासत होते. "मानेवर बोलेन," एवढंच घाईत सांगितलं. पलीकडचे गृहस्थ खूश झाले. "फार चांगला विषय, ताई. हल्ली कुणाला मानच राहिलेला नाही." मग खुलासा करावा लागला, की माझी मान ती मान, खांद्यांवरची; तो मान नव्हे. ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "चालेल. गावात दोन्हीची तक्रार आहे."

मला आज एका प्रश्नपत्रिकेविषयी बोलायचं आहे. दहा प्रश्न, पन्नास मार्क. शाळेतली नव्हे. हिच्यात जितके मार्क जास्त तितकी माणसाची अवस्था वाईट.

१९९१ साली कॅनडात हॉवर्ड व्हर्नन आणि सिल्व्हानो मिऑर यांनी 'नेक डिसॅबिलिटी इंडेक्स' नावाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. साचा त्यांचा स्वतःचा नव्हता. इंग्लंडमधल्या ऑस्वेस्ट्रीत कंबरदुखीसाठी एक प्रश्नावली १९८० साली छापली गेली होती, तिच्यावरून त्यांनी मानेसाठी ही बेतली. दुखणं किती आहे, अंघोळ-कपडे स्वतःचे स्वतः होतात का, ओझं उचलता येतं का, वाचन, डोकेदुखी, लक्ष लागणं, काम, गाडी चालवणं, झोप आणि करमणूक असे दहा विषय. प्रत्येकाखाली सहा वाक्यं, शून्य ते पाच गुणांची. आपल्याला लागू पडेल त्या वाक्यावर खूण करायची. बेरीज चारपर्यंत असेल तर काळजी नाही, पाच ते चौदा थोडा त्रास, पुढे पंधरा ते चोवीस, पंचवीस ते चौतीस अशा पायऱ्या, आणि पस्तीस किंवा त्याच्या वर गेलं की माणूस मानेपायी जवळजवळ ठप्प.

एक्स-रे असताना हे कशाला, असं विचारणारे भेटतात. एक्स-रेमध्ये मणके झिजलेले दिसतात आणि बाई हसत बाजार करून येते. दुसऱ्याचा एक्स-रे स्वच्छ असतो आणि त्याला रात्रभर झोप नसते. हाडाचा फोटो निघतो, दुखण्याचा निघत नाही. ते माणसाला विचारावं लागतं, आणि विचारायचं म्हणजे भाषा आली. २०२० साली जगात सुमारे वीस कोटी लोकांना मानदुखी होती असा अंदाज आहे. हे सगळे काही इंग्रजीत कण्हत नाहीत. म्हणून ही प्रश्नावली कित्येक भाषांत गेली.

थाई भाषेत ती कशी गेली, हे मला पहिल्यांदा वाचायला मिळालं आणि त्यातून या विषयाचा नाद लागला. २०११ साली चिआंग माई विद्यापीठातल्या फिजिओथेरपीच्या संशोधकांनी मानदुखीच्या दोन प्रश्नावल्या थाईत तपासून घेतल्या. एक ही, आणि दुसरी वीस प्रश्नांची. माझं लक्ष गेलं ते मात्र त्याच्याही आधीच्या एका गोष्टीकडे. अँथनी डिलर या भाषाशास्त्रज्ञाने १९८० साली 'पेन' या नियतकालिकात थाई भाषेतल्या दुखण्याच्या शब्दांवर लेख लिहिला होता. ('पेन' म्हणजे इंग्रजीतलं दुखणं, आपल्या पेणचा काही संबंध नाही.) त्याचं म्हणणं असं, की इंग्रजीत सगळ्या दुखण्यांना झाकणारा एक मोठा शब्द आहे, थाईत तसा एकच शब्द नाही. तिथे आत ठणकत राहणारं दुखणं वेगळ्या क्रियापदानं सांगतात, लागल्या-खुपल्याचं वेगळ्या, जखमेवर झोंबतं ते वेगळ्या, आणि चालून-वाकून अंग आंबतं ते आणखी वेगळ्या. प्रश्न "तुम्हाला पेन किती आहे" एवढाच असला, तरी थाई भाषांतरकाराला आधी ठरवावं लागतं की कुठलं.

हे वाचलं आणि मला हसू आलं, कारण आपलं काय वेगळं आहे? मान दुखते, हे झालं ढोबळ. मान अवघडते ती वेगळी, आखडते ती वेगळी. झोपेत मान धरते. ओझं घेताना लचकते. चमक येते ती क्षणाची, कळ येते ती जरा रेंगाळते, सणक डोक्यात जाते, ठणका रात्री लागतो. आवणाच्या दिवसांत दिवसभर वाकून लावणी केली की मानेला रग लागते. मान भरून येते. खांद्यापासून बोटांपर्यंत मुंग्या येतात, मग हात बधिर होतो. पाठीत उसण भरते. मेलझॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली इंग्रजीतले दुखण्याचे अठ्ठ्याहत्तर शब्द जमवून गटवार लावले आणि त्याचं जगभर नाव झालं. वडखळच्या नाक्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या चार बाया एका सकाळी त्याच्या बरोबरीनं शब्द देतील. त्यांची यादी कुणी केली नाही, एवढंच.

आणि यात गंमत म्हणून सोडून देण्यासारखं काही नाही. "हात बधिर होतो" आणि "हात भरून येतो" यांत डॉक्टरच्या दृष्टीनं मोठा फरक आहे. पहिल्यात नस दबलेली असू शकते, दुसऱ्यात बहुतेक वेळा स्नायू थकलेला असतो. दोन्हींसाठी कागदावर 'वेदना' हा एकच शब्द छापला, की बाईनं दिलेली माहिती आपण वाटेतच सांडली.

'वेदना' या शब्दाशी माझं जरा भांडण आहे. एका रुग्णालयात मी नव्यानं लागले होते तेव्हा तिथे मानदुखीसाठी कुणीतरी केलेला मराठी कागद वापरात होता. पहिलाच प्रश्न 'वेदनेची तीव्रता', पुढे 'वैयक्तिक निगा', मग 'एकाग्रता'. खारेपाटातली एक आजी तो कागद उलटासुलटा करून म्हणाली, "ह्यो माजा कागद नाय गो, दुसऱ्या कुनाचा हाय." तिला वाटलं फाइलींची अदलाबदल झाली. मला माझे गुरुजी आठवले, ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला आहे. सुट्टीत मी आजोळी आले की ते मला इंग्रजी उताऱ्यांचं मराठी करायला द्यायचे. चुका ते फारशा काढत नसत. समासात लाल शाईनं एवढंच लिहीत: "हे बोलतंय कोण?"

मानेची ही प्रश्नावली मराठीत आणायचं काम आम्ही करतो आहोत. त्याची रीतसर पद्धत काय ती थोडक्यात सांगते, कारण ती माहीत नसली तर हे सगळं हौसेचं काम वाटेल. मूळ प्रश्नावली लेखकाच्या मालकीची असते, तेव्हा आधी परवानगी. मग दोन माणसांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचं, त्यातला एक वैद्यकातला नसलेलाच बरा. दोन्ही जुळवून एक मसुदा. तो मसुदा, मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दोघांकडून पुन्हा इंग्रजीत उलटवून घ्यायचा. मग सगळ्यांनी बसून कुठे घसरलं ते पाहायचं, आणि शेवटी तीस-चाळीस रुग्णांकडून तो भरून घेऊन प्रत्येकाला विचारायचं, की तुम्हाला यातून काय समजलं? या पायऱ्या बीटन आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'स्पाइन' नियतकालिकात मांडल्या आणि बहुतेक जण त्याच चढतात. कंबरदुखीच्या त्या ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीचा मराठी अवतारही असाच तपासून २०१३ साली 'स्पाइन'मध्येच आला.

उलट भाषांतराच्या पायरीवर फार करमणूक होते. "मान धरली" याचं इंग्रजी एकदा 'कुणीतरी मान पकडली' असं आलं. आपल्याकडे कष्टाची सगळी भाषाच मानेवर उभी आहे. मान मोडून काम करायचं, मान वर करायला फुरसत नाही, काम मानगुटीवर बसलंय, आणि शेवटी कंटाळून मान टाकायची. सांगणाऱ्या बाईची मान दुखतेय की ती नुसती कामानं पिचलीय, हे वाक्यावरून कळत नाही. बऱ्याचदा दोन्ही खरं असतं.

इंग्रजी 'नेक'चीही एक अडचण आहे. त्यांचा एक शब्द सगळीकडून फिरतो. आपल्याकडे मागची ती मान, पुढचा तो गळा, आतला घसा, आणि दुखणं जिथे खरं बसतं ती मान आणि खांद्याच्या मधली जागा, तिला कुणी मानगूट म्हणतं, कुणी नुसताच खांदा. म्हणून मी कागदावर पाठमोऱ्या माणसाचं चित्र काढते आणि म्हणते, "बोट ठेवा." चित्राला भाषांतर लागत नाही.

पण सगळ्यात अवघड गेला तो प्रश्नावलीच्या नावातलाच शब्द, डिसॅबिलिटी. कोशात त्याला अपंगत्व. "मानदुखीमुळे येणारे अपंगत्व" असा मथळा वाचून एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, "मॅडम, यावर दाखला मिळतो का? एसटीत सवलत?" त्यांचं चुकलं नाही. अपंगत्व या शब्दामागे आपल्याकडे सर्टिफिकेट उभं असतं. दुसरीकडे, धडधाकट म्हणून मिरवणारा माणूस तो शब्द पाहिला की सगळ्या प्रश्नांवर शून्याची खूण करून मोकळा. मग आम्ही 'असमर्थता', 'अक्षमता', 'कार्यबाधा' असे एकाहून एक जड दगड उचलून पाहिले. उत्तर मिळालं ते माझ्या मामीकडून, इथेच, तिच्या घराच्या मागच्या पडवीत. शेजारीण मान धरून बसली होती, तिला मामी म्हणाली, "दुखतंय ते खरं, पन आडतंय काय तुजं?"

अडणं. दुखणं वेगळं आणि अडणं वेगळं. या प्रश्नावलीला नेमकं तेच विचारायचं आहे आणि आपल्या भाषेत त्याला रोजच्या वापरातलं, दोन अक्षरी धातूवर उभं असलेलं क्रियापद आहे. मानेपायी तुमचं काय अडतं? मी त्या दिवशी जिंकल्यासारखी पेणला परत गेले.

आणि आठवड्याभरात तोंडघशी पडले. कारण प्रश्न समजला, पण उत्तर सगळ्यांचं एकच: "काय नाय आडत." मान इतकी आखडलेली, की बाई माझ्याकडे बघायला अख्खी वळत होती, आणि म्हणत होती काही अडत नाही. का? तर अडून चालणारच नाही. दावणीला गुरं, घरात सासू, सकाळची पेणची गाडी. मराठीत 'अडणं'मध्ये परवडण्याचा हिशोब आधीच धरलेला असतो, हे तेव्हा कळलं. ज्याच्यावाचून निभतं तेच अडू द्यायचं असतं. मग प्रश्न पुन्हा फिरवला: ते काम करताना मान काय म्हणते? आणि मग कुणाला हाक मारावी लागते? तेव्हा कुठे कागद भरू लागला.

मूळ दहा विषयांतले काही आपल्याकडे सहज येतात. झोपेचं विचारलं की माणूस भडाभडा बोलतो. फक्त मूळ कागद किती तास झोप मोडली ते विचारतो आणि इथे सांगतात ते कोंबडा आरवायच्या आधी की नंतर. तेही लावता येतं. डोकेदुखीला अडचण नाही. वैयक्तिक निगेच्या जागी "डोक्यावरून पाणी घेता येतं का, वेणी घालता येते का, पदर खोचता येतो का" असं म्हटलं की काम भागतं, पुरुषांना दाढीचं विचारायचं.

गाडी चालवण्याचा प्रश्न मात्र पाहा. व्हर्ननच्या काळच्या रुग्णांत मोटार अपघातात मानेला झटका बसलेले बरेच होते, आणि उत्तर अमेरिकेत गाडीशिवाय घराबाहेर पडणं कठीण. तिथे हा प्रश्न जीवनमरणाचा. इथे आमच्या बाया गाडी चालवत नाहीत, गाडीवर मागे बसतात, एका बाजूला पाय टाकून, मान वळवून, मुंबई-गोवा हायवेच्या खड्ड्यांतून. नियम असा आहे की प्रश्न लागू नसेल तर तो सोडायचा आणि उरलेल्यांवर टक्के काढायचे. वाचनाचाही प्रश्न सुटला तर आठ उरले, चाळीसपैकी गुण. हिशोब बरोबर येतो. पण जी दोन कामं माणसानं कधी केलीच नाहीत ती वगळून, जी तो रोज करतो ती घातली तर नाहीत ना!

डोक्यावरचं ओझं, उदाहरणार्थ. प्रश्नावलीत उचलण्याचा प्रश्न आहे, पण तो जमिनीवरून किंवा टेबलावरून वजन हातानं उचलण्याचा. आपल्याकडे भाताचा भारा, लाकडांची मोळी, मिठागरातली पाटी, हंड्यावर कळशी, हे सगळं डोक्यावर. खाली चुंबळ. वाशी-शिर्कीच्या अंगाला पाण्यासाठी किती पिढ्यांनी किती हंडे वाहिले त्याचा हिशोब कुणाकडे नाही. आणि मुख्य म्हणजे भारा एकटीनं उचलला जातच नाही. दुसरी हात लावते तेव्हा तो डोक्यावर चढतो, आणि घरी उतरवून घ्यायला तिसरं कुणी लागतं. बाया सांगतात, दुखतं ते वाहताना नव्हे, उतरवल्यावर. मान एकदम हलकी होते आणि मग ठणकते. १९९४ साली घानातून एक अभ्यास आला होता, डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांच्या मानेच्या मणक्यांची झीज इतरांपेक्षा बरीच जास्त निघाली होती. झीज आहे, बाया सांगतात ते दुखणंही आहे. प्रश्न नाही.

आणि पेणचे मूर्तिकार. पेण, हमरापूर, जोहे इथे हजारो गणपती होतात, आणि डोळ्यांची आखणी करणारा कारागीर शेवटच्या महिन्यात रोज कितीतरी तास मान खाली घालून श्वास रोखून बसतो. त्याच्यासाठी हा 'कामा'चा प्रश्न आहे, पण 'लक्ष लागण्या'चाही आहे आणि 'वाचना'चाही, कारण बारीक रेघेवर नजर ठरवणं हेच त्याचं वाचन. मी त्यांना वाचनाच्या जागी आखणीचं विचारते. हे नियमात बसतं की नाही यावर माझ्या सहकाऱ्यांत दोन मतं आहेत.

कामाच्या प्रश्नाखाली मूळ कागदात पहिलं वाक्य आहे त्याचा मथितार्थ असा, की मला वाटेल तेवढं काम मी करू शकतो. हे मी एका वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "वाटंल तेवडा? काम कुनाला वाटतं म्हून करतं काय कोन?" थाई शेतकऱ्याला हे वाक्य कसं लागलं असेल, मला फार कुतूहल आहे. शेवटी आम्ही 'करावं लागतं तेवढं' असं केलं. अर्थ सरकला, हे मला मान्य आहे.

करमणुकीचं असंच. 'मनोरंजनाच्या कृती' म्हटलं की "आमाला कसली आलेय!" गौरीच्या रात्री नाचता का, लग्नात धवले म्हणायला बसता का, भजनाला जाता का, असं विचारलं की डोळे चमकतात. एका धवलारणीनं सांगितलं, बसते, पण मान डोलवता येत नाही आणि मान डोलल्याशिवाय चाल सुचत नाही. पन्नासपैकी त्याला किती गुण द्यायचे? मी तीन दिले.

इथे थोडं मापाविषयी बोलायला हवं. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ सालचा. त्याआधी धान्य मोजायची पायली गावोगाव सारखी नव्हती, आणि आपल्या वाडवडिलांच्या आठवणीत घेतानाची पायली आणि देतानाची पायलीही एक नव्हती. तपासलेल्या प्रश्नावलीचं काम पायलीला शिक्का मारण्याचं आहे. आज भरलेला कागद चार दिवसांनी भरला तर साधारण तेवढाच यावा. (मधे लावणी आली तर येणार नाही, त्यात पायलीचा दोष नाही, मानच बदलली.) दहा प्रश्न एकमेकांशी मिळून बोलावेत, त्यातल्या एकानंच वेगळं गाणं धरू नये, हे मोजायला क्रोनबाख नावाच्या माणसाने १९५१ साली एक आकडा दिला तो अजून चालतो. दुखण्याच्या दुसऱ्या एखाद्या मापाशी बेरीज जुळावी. आणि उपचारानं बरं वाटलं तर ती खाली यावी.

ते दुसरं माप म्हणजे बहुधा दहा सेंटिमीटरची रेघ. एका टोकाला काही दुखत नाही, दुसऱ्या टोकाला असह्य. जिथे वाटेल तिथे खूण करा. ज्या हातांनी पेन्सिल धरली नाही ते हात रेघेच्या मध्यावर फुली मारतात आणि सुटतात. आकडा विचारला तर अडखळतात. पण बरं किती वाटतंय विचारा: "रुपयात बारा आणे." दशमान नाणी १९५७ साली आली, आणे कधीच गेले, तरी बरं वाटणं अजून आण्यांतच मोजलं जातं. "चार आणे फरक हाय." मी तेच लिहून घेते आणि घरी जाऊन सोळानं भागते.

तुम्ही म्हणाल, मग सगळीच प्रश्नावली गडबची का करत नाही? मोहात मीही पडले होते. हंडा घाला, चुंबळ घाला, गाडी काढा. पण मग ती पायली गडबातच चालेल. चिआंग माईच्या बाईची मान आणि माझ्या मामीची मान यांची तुलना होणार नाही, उपचार कुठला चांगला हे एकमेकांकडून शिकता येणार नाही. म्हणून मी दहाच्या दहा विषय ठेवण्याच्या बाजूची आहे आणि त्यांच्या आतली उदाहरणं आपली करण्याच्या. माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, उदाहरण बदललं तिथेच प्रश्न बदलला. त्यांचं म्हणणं खोडून काढण्याइतकी मी हुशार नाही. पण ज्या आजीनं "ह्यो माजा कागद नाय" म्हणून तो परत केला, तिचं मोजमाप त्यांच्या पद्धतीनं शून्य होतं, आणि शून्य म्हणजे त्यांच्या तक्त्यात ठणठणीत.

पेण तालुक्यात बसून भाषांतराविषयी बोलताना गागोद्याचं नाव न घेणं बरं नाही. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा तिथे जन्मले. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता समजून घ्यायची होती आणि संस्कृत येत नव्हतं. मराठीत होती तीही त्यांना जड वाटली, तेव्हा त्यांनी मुलालाच सांगितलं, तूच का करत नाहीस? विनोबांनी ती केली १९३०-३१ मध्ये आणि नाव दिलं गीताई. आई १९१८ सालीच गेली होती. बारा वर्षं उशीर. मी आमच्या क्षेत्रातली असल्यामुळे मला प्रत्येक वेळी हेच सुचतं, की जिच्यासाठी भाषांतर, तिच्याकडून ते वाचून घेण्याची पायरी राहून गेली. तरी त्यांच्या डोळ्यांसमोर एक बाई नेमकी होती, नाव-चेहऱ्यासकट. आमच्या समित्यांपुढे बहुतेक वेळा 'लक्ष्यगट' असतो.

माझं काम अजून चाललंय. मसुदा सातवा आहे. मागच्या महिन्यात तो इथल्याच एका काकींकडून भरून घेतला. त्यांनी दहाही प्रश्नांवर विचार करून बोटं ठेवली, मी बेरीज केली, बावीस. मी कागद घडी घालत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "बास? भारा उतरवून घ्यायला घरान कोन हाय, ता नाय इचारलास?" त्यांचा मुलगा कामासाठी पनवेलला असतो, सून त्याच्याबरोबर. भारा त्या बांधावर टेकवून, गुडघे वाकवून, स्वतःच उतरवतात, आणि तेव्हा मान लचकते. अकरावा प्रश्न घालायची मला परवानगी नाही. कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवलाय.

दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. मानेच्या दुखण्याला तुमच्या घरात जो शब्द असेल तो जाताना तिच्यात लिहा, पेणकडचा, रोह्याकडचा, कुठलाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मला नुसता सांगा, मी चहा होईपर्यंत तिथेच उभी आहे.